फराळ गँगची नोंदवही : ॲक्सोलॉटलची पिल्लं आणि दोन फुटी टाकी

१२ जानेवारी २०२५, रविवार

दोन गेले. अनारसा आणि शेव, माझ्या ॲक्सोलॉटलच्या सहा पिल्लांतले (ॲक्सोलॉटल म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणारा, कल्ले बाहेर असलेला, पालीसारखा दिसणारा मेक्सिकन उभयचर). दुपारी साताऱ्याहून आले, बॅग खाली ठेवायच्या आधी टाकीत डोकावले तर अनारसा उलटा पडलेला, पोट वर, आणि शेव स्पंज फिल्टरच्या मागे चिकटल्यासारखी, कल्ले पूर्ण पांढरे. बाकीचे चार जिवंत पण बघवत नव्हते, चौघांचेही कल्ले पुढच्या बाजूला वळलेले आणि शेपटीचं टोक गोगलगायीसारखं गुंडाळलेलं, दोन्ही त्रासाची लक्षणं.

आजपासून हे सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण आई विचारतेय की असं कसं झालं आणि मला सांगताच येत नाहीये.

आधी हिशोब. दिवाळीनंतर सहा पिल्लं आणली, तेव्हा साडेतीन-चार सेंमीची होती, आता पाचच्या आसपास. नावं फराळाचीच ठेवली, लाडू (गोल्डन), करंजी (गुलाबी-पांढरी, काळे डोळे), चकली आणि चिवडा (दोघे काळपट), अनारसा, शेव. बिल आहे, परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद केलीय कारण ॲक्सोलॉटल साइट्सच्या (वन्य जिवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये येतो. दोन फुटी टाकी, पाणी साधारण ४५ लिटर, स्पंज फिल्टर, खाली वाळू-खडे काही नाही.

गेल्या गुरुवारी मी स्पंज काढून नळाखाली चांगला पिळून पिळून धुतला, अगदी पांढराशुभ्र होईपर्यंत, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. मग शुक्रवारी आत्याच्या एकसष्टीला निघायचं म्हणून जाताना फ्रोझन ब्लडवर्मच्या (लाल अळ्या) दोन जास्तीच्या वड्या टाकल्या, दोन दिवस उपाशी नकोत म्हणून. ते सगळं तळाला पडून सडलेलं दिसलं आज.

पाणी बदलायच्या आधी एका काचेच्या ग्लासात नमुना काढून ठेवला, ही आजची एकच शहाणपणाची गोष्ट. संध्याकाळी थेंबांचं टेस्ट किट घेऊन आले. अमोनिया २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलीग्रॅम), नायट्राइट ०.५, पीएच ८, तापमान २२. आतापर्यंत मी कागदी पट्ट्या वापरत होते आणि माझ्या पट्टीवर अमोनियाचा चौकोनच नाहीये! पाच आठवडे मी सगळे चौकोन हिरवे-गुलाबी बघून खूश.

१३ जानेवारी, सोमवार

काल रात्री चौघांना टाकीतून काढलं. जाळी नाही वापरली, कल्ल्यांचे दोरे अडकतात, सरळ डबा पाण्यात बुडवून हळूच आत घेतलं. प्रत्येकाला वेगळा डबा, आइस्क्रीमचे दोन लिटरचे चार डबे होते माळ्यावर. आई लोणच्याची बरणी पण द्यायला निघाली होती, तिला म्हटलं नको, तेल-मिठाचा वास किती घासला तरी जात नाही.

पद्धत अशी, की रोज शंभर टक्के पाणी बदलायचं. रात्री बादलीत नळाचं पाणी भरून त्यात क्लोरीन मारायचे खडे (सोडियम थायोसल्फेट, मासेवाले ज्याला ॲन्टीक्लोर म्हणतात ते) पाकिटावर लिहिलंय तेवढे, एअर पंपाचा दगड (बुडबुडे सोडणारा) सोडून ठेवायचं, सकाळी त्याच पाण्याने डबे भरायचे. बादली आणि डबे एकाच खोलीत म्हणजे तापमान तेच राहतं.

सकाळी मासेवाल्या दुकानदारदादांना, म्हणजे कोपऱ्यावरच्या माशांच्या दुकानवाल्यांना फोन केला. ते म्हणे इन्फेक्शन असणार, निळं औषध टाका, अँटिबायोटिक टाका, दोन्ही टाका. मी विचारलं पाण्यात अमोनिया २ आलाय त्याचं काय, तर म्हणे ते होतंच असतं. त्यांच्यावर राग नाही, त्यांच्याकडे गप्पी आणि मॉली असतात, त्या काहीही सहन करतात. पण एक लक्षात आलं, मला पण कालपर्यंत औषधच हवं होतं. औषध टाकलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

चिवडाला पुढचा डावा पाय नाही! कोपरापासून गायब. परवाच्या गडबडीत दिसलंच नाही. हा अमोनियाचा प्रकार नव्हे, हे चकलीचं काम असणार. या वयात समोर जे हललं ते अन्न, भावंडं वगैरे ओळख नसते. पाय परत येतो हे माहितीये पण ते टोक बघून पोटात कसंतरी झालं.

कल्ले लाडूचे सरळ व्हायला लागलेत. बाकी तिघांचे अजून पुढेच.

अमोनियाबद्दल आज नीट वाचलं. किट दाखवतं तो एकूण अमोनिया, त्यातला खरा विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. पीएच ७ ला जेवढा, त्याच्या जवळजवळ दहापट पीएच ८ ला. आमच्याकडे डिसेंबरपासून टँकरचं पाणी मिसळतं, बोअरचं जड पाणी, त्यामुळे पीएच चढा. म्हणजे तेच २ पीपीएम कोणाच्या मऊ पाण्यात निभावून गेले असते कदाचित, माझ्या पाण्यात नाही. आणि स्पंजमध्ये जे बॅक्टेरिया अमोनिया खातात त्यांना मी क्लोरीनच्या पाण्यात पिळून मारलं होतं. वर जास्तीचं जेवण. आत्याकडे पुरणपोळी खात होते मी तेव्हा. दोन दिवस न खाता या पिल्लांना काही होत नाही, हे मला आता कळतंय.

१८ जानेवारी, शनिवार

चकलीच्या उजव्या कल्ल्यावर पांढरा कापूस. सॅप्रोलेग्निया जातीची बुरशी असते, जिथे आधीच मेलेली कातडी असेल तिथे धरते. मोठ्या ॲक्सोलॉटलला मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवतात, पण पाच सेंमीच्या जिवाला ते द्यायला माझा हात धजेना, यांची कातडी इतकी पातळ की पाण्यात जे असेल ते आत जाणार.

मग बदामाची पानं. सोसायटीच्या मागे देशी बदामाचं झाड आहे, लाल होऊन गळलेली पानं उचलली, धुतली, उकळून थंड केलेलं चहासारखं पाणी चकलीच्या डब्यात थोडं थोडं. वॉचमनकाका बघत होते, म्हणाले "ताई, काढा कोणाला?" मी म्हटलं चकलीला. त्यांनी पुढे विचारलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

कापूस गेला. दोन दोरे झडले पण मुळाशी लाल आहे. पानांनी गेला की रोजच्या स्वच्छ थंड पाण्याने हे काही मी छातीठोक सांगू शकत नाही. डब्यात पाणी १९ आहे सकाळी, थंडी मदत करतेय.

रोजचं काम चार डबे, सकाळी पाऊण तास. शी काढायला मोठी सिरिंज, सुईशिवायची. शी टणक काळी गोळी असेल तर पोट ठीक.

२५ जानेवारी, शनिवार

खाण्याचा विषय. ब्लडवर्म मी कमी करतेय, नुसत्या त्याने भागत नाही. खरं अन्न गांडूळ. तर गांडूळखतवाल्या काकांकडून पावशेर माती-गांडूळ आणलं, बारीक तुकडे केले, चिमट्याने लाडूसमोर धरलं. लाडूने गपकन ओढलं, दोन सेकंद विचार केला आणि थूऽऽ करून बाहेर. परत दिलं, परत थू. चेहरा इतका बघण्यासारखा की आईला हाक मारली. मग कळलं की खतात वापरतात ती लाल-पट्टेवाली गांडुळं अंगातून कडवट पिवळा रस सोडतात. काही लोक ती आधी गरम पाण्यातून काढतात. मी कुंडीतली, पावसाळ्यात दिसतात ती साधी मातकट गांडुळं शोधली, ज्या कुंड्यांना कधीच औषध मारलेलं नाही त्यातली. ती सगळ्यांनी खाल्ली. चिवडाने पण, तीन पायांवर तोल सांभाळत.

ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) घेणार नाही. ते कुठल्या नाल्यातून येतात ते माहितीये.

शिवाय डॅफ्नियाची बरणी सुरू केली, दहा लिटरची, खिडकीत, त्यात पण त्याच एअर पंपाची एक नळी अगदी हळू. पाण्यातल्या पिसवा म्हणा, टुणटुण उडतात आणि पिल्लं शिकार करायला शिकतात.

२ फेब्रुवारी, रविवार

टाकीकडे आता. रिकामी टाकी परत सायकल करायची, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं कमी विषारी नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढवायचे, यावेळी पिल्लांना आत न ठेवता. मासे नसतील तर बॅक्टेरियाला अमोनिया आपण द्यावा लागतो. त्यासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर! आजी म्हणाली कल्हईवाला यायचा तेव्हा नवसागर टाकला की कसा पांढरा धूर व्हायचा आणि पातेलं चकाकायचं. पण बाजारातल्या नवसागरात अजून काय काय असेल सांगता येत नाही, म्हणून लॅब केमिकलच्या दुकानातून छोटी बाटली घेतली. ४५ लिटरला २ पीपीएमसाठी साधारण ०.३ ग्रॅम, सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा आहे, त्यावर मोजलं.

कोथरूडच्या मैत्रिणीकडे चार वर्षं जुनी गप्पींची टाकी आहे, तिच्या फिल्टरचा हातभर काळाकुट्ट घाण स्पंज पिशवीत बांधून रिक्षाने आणला. महिन्यापूर्वी असला स्पंज मी फेकून दिला असता.

हीटर लावून पाणी २६ ला ठेवलंय, बॅक्टेरिया उबेत लवकर वाढतात, आत कोणी नाही तोवर चालतं.

९ फेब्रुवारी, रविवार

अमोनिया २ वरून ०.२५, चार दिवसांत. पण नायट्राइट जांभळा गडद, स्केलच्या टोकाला. नायट्रेट ५ दाखवतोय, मग लक्षात आलं की त्या टेस्टची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची असते, तळाला बसतं सगळं. हलवून परत केली, ४० आला! म्हणजे पट्ट्यांना नावं ठेवताना मीच अर्धवट. अर्धं पाणी बदललं.

चिवडाच्या कोपराला एक पारदर्शक कोंब आलाय, भेंडीच्या बीएवढा.

१६ फेब्रुवारी, रविवार

काय चाललंय कळत नाहीये. सकाळी डॅफ्नियाची बरणी बघितली तर सगळे मेलेले. सगळे म्हणजे एकही उडत नाही, तळाला भुरकट थर. काल रात्री ठणठणीत होते. आणि डब्यांत पाणी बदलल्यावर तासाभरात चौघेही विचित्र वागायला लागले, झटके देतायत, करंजी सर्वात जास्त, डोकं मागे टाकून गोल फिरते, मग पडून राहते, मग परत.

टेस्ट केल्या, बादलीचं पाणी, डब्यांचं पाणी. अमोनिया ०, नायट्राइट ०, पीएच ७.८, तापमान २०. क्लोरीन पण नाही. किट म्हणतंय सगळं छान आहे.

पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी द्यावं का असंही मनात आलं पण त्यात क्षार जवळजवळ नसतातच, ते अजून वाईट. शेवटी स्वयंपाकघरातल्या पिंपात कालपासून भरून ठेवलेलं साधं पाणी होतं, त्यात खडे टाकून, अर्धा तास थांबून, सगळ्यांना त्यात हलवलं.

१६ फेब्रुवारी, रात्री

सापडलं बहुतेक.

दिवसभर डोक्यात एकच, डॅफ्निया आणि पिल्लं यांच्यात सारखं काय. बादलीचं पाणी दोघांना जातं. बादलीत आणि बरणीत एकाच एअर पंपाची हवा जाते. पंप कुठे आहे, तर आजीच्या पलंगामागच्या एक्स्टेंशन बोर्डवर. मी बोर्ड बघायला वाकले तर पंपाच्या शेजारच्या सॉकेटमध्ये, चार बोटांवर, डास मारायचं लिक्विडचं मशीन. लाल दिवा चालू.

आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, शुक्रवारपासून लावतेय, आजीला डास फोडून काढतायत, थंडी कमी झाली की सुरू होतात ना. आधी दाराजवळ होतं, वायर पुरेना म्हणून इकडे लावलं." बाटलीवर वाचलं, ट्रान्सफ्लुथ्रिन. पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक, माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना भयंकर विषारी. पंप खोलीतली हवा ओढतो, आणि ती रात्रभर बुडबुड करत पाण्यात सोडतो. म्हणजे मी दोन रात्री ते औषध गाळून गाळून बादलीत भरत होते.

लॅबमध्ये देऊन सिद्ध केलेलं नाही हे. पण डॅफ्निया हा कीटकांचा चुलतभाऊच, तो पहिल्यांदा गेला, हिशोब जुळतो.

आई गप्प झाली. मी तिला काही बोलले नाही, बोलण्यासारखं काय आहे, पंप तिथे मी लावला होता. आजीला मच्छरदाणी लावली. पंप आता गॅलरीच्या दाराबाहेर टांगलाय, पाण्याच्या पातळीच्या वर, म्हणजे लाईट गेली तर पाणी उलटं नळीतून पंपात येणार नाही. बादली, दगड, नळ्या सगळं फेकलं, नवीन घेतलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

करंजी गेली. पहाटे. बाकी तिघांचे झटके काल संध्याकाळपासून थांबलेत.

ही सगळ्यात लहान होती आणि सगळ्यात आधी चिमट्याकडे यायची. मेक्सिकोहून १८६४ मध्ये पॅरिसला ३४ ॲक्सोलॉटल गेले त्यात एक पांढरा होता, आज जगभर घरात दिसणारा हा गुलाबी-पांढरा रंग तिथून आलाय असं मानतात. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढ्या लांबून आली आणि आपल्या पलंगामागे गेली.

कुंडीत पुरली, ज्या कुंडीतली गांडुळं काढते ती नाही, दुसऱ्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

तिघे खातायत. लाडू ७.५ सेंमी, चकली ७, चिवडा ६.५ (डब्याखाली पट्टी ठेवून, हातात न घेता). चिवडाच्या कोंबाला टोकाला चपटं वल्हं झालंय, दोन खाचा दिसतात.

टाकी : संध्याकाळी २ पीपीएम अमोनिया टाकला, दुसऱ्या संध्याकाळी ०. नायट्राइट पण ०. तीन वेळा केलं, तीनही वेळा तसंच. झाली सायकल. हीटर काढला, ८० टक्के पाणी बदलून नायट्रेट १० वर आणला.

पण आता टाकी तयार आणि पाणी २५! दुपारी खोली ३० च्या वर जायला लागली. झोचिमिल्को, यांचं मूळ तळं, मेक्सिको सिटीत २२४० मीटरवर आहे, कळसूबाईच्या टोकापेक्षा सहाशे मीटर उंच. तिथल्या थंड कालव्यातला प्राणी मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून. १६ ते १८ हवं, २० पर्यंत चालतं, २४ च्या वर रोज राहिलं तर खाणं सुटतं, बुरशी धरते, मग काय व्हायचं ते होतं.

८ मार्च, शनिवार

गार करायचे प्रयोग. पहिला, बर्फाच्या बाटल्या. एक लिटरची बाटली टाकली की तापमान झटकन खाली, चार तासांत परत वर, हा झोका पिल्लांना बरा नाही आणि मी ऑफिसला गेले की बाटल्या बदलणार कोण. दुसरा, टाकीवर तिरका पंखा. हा माठाचाच हिशोब, पाणी उडालं की गारवा. मार्चची कोरडी हवा आहे म्हणून मस्त चाललं, २७ चं २३ झालं, रोज दीड लिटर पाणी उडतं ते भरावं लागतं. पण २३ म्हणजे काही १८ नव्हे, आणि जूनमध्ये हवेत दमटपणा आला की पंखा नुसता फिरणार.

तिसरा उपाय चिलर, पाणी गार करणारं मशीन. नवा बघितला, किंमत ऐकून घरी परत आले. सेकंडहँड १४ हजारात मिळाला, एकजण टाकी बंद करत होता. आईला आकडा सांगितला नाही, आजीला सांगितला, ती म्हणाली आपला पहिला फ्रीज एवढ्याला नव्हता.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीला मुद्दाम थांबले, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत कोणी रंग धुतो काय धुतो, दोन दिवस नळाचं पाणी वापरलंच नाही, साठवलेलं वापरलं. जरा जास्तच झालं असेल पण आता मला असंच होतं.

आज तिघे टाकीत. तीन भाग केलेत, प्लास्टिकच्या जाळीच्या दोन पार्टिशननी, चकलीवर माझा भरवसा नाही. तळ मोकळाच, वाळू १२-१५ सेंमीच्या झाल्याशिवाय नाही आणि खडे कधीच नाहीत, खाताना गिळतात आणि पोट बंद होतं. चिलर १८ वर. प्रवाह कमी करायला पाणी येतं त्या नळीच्या तोंडाला स्पंज बांधला, नाहीतर कल्ले परत पुढे वळतात.

पहिल्या दोन तासांत लाडू नुसता जाळीला नाक लावून.

२२ मार्च, शनिवार

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०, पीएच ७.८, १८ डिग्री. सातही दिवस हेच. वही भरायला काही नाही, बरं वाटतं.

जेवण एकाआड एक दिवस नाही करत अजून, या वयात रोज एकदा, पंधरा मिनिटांत उरलेलं सिरिंजने बाहेर.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर स्पंज धुतला. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात दोनदा दाबला, बस. काळं पाणी निघालं, स्पंज अजून तपकिरीच आहे आणि राहू दे.

चिलर गरम हवा खोलीत फेकतो त्यामुळे आजीची तक्रार सुरू झालीय, की मासळीला एसी आणि मला भट्टी. टाकी हॉलमध्ये हलवायचं बघावं लागेल, पण हॉलमध्ये आई संध्याकाळी उदबत्ती लावते. तिनेच विचारलं, "उदबत्तीचं पण होतं का गं?" म्हटलं पंप गॅलरीतच ठेवू, नळी लांब घेऊ. नळी चार मीटर लागेल, उद्या आणते.

चिवडा काचेला टेकून उभा होता, टॉर्च मारून मोजली, डाव्या पायाला चार बोटं, चौथं अजून अगदी तांदळाच्या कणीएवढं.